सुपरकॉम्प्युटरचा पाऊस चिपळूणला मोजताना

सुपरकॉम्प्युटरवर चालवलेल्या हवामान मॉडेलची आउटपुट फाइल डाउनलोडला लावून झोपायचा बेत असेल तर आत्ताच रद्द करा. ५०० बाय ५०० चौकटींची ग्रिड, उंचीचे ५० थर, एका आकड्याला ४ बाइट, म्हणजे एका व्हेरिएबलचा एक तास ५० एमबी. जून ते सप्टेंबर दर तासाला साठवलं की १४६ जीबी. त्यात वाऱ्याचे तीन घटक, तापमान, बाष्प धरा. पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं सुपरकॉम्प्युटर 'प्रत्युष' २०१८ साली आलं ते ४ पेटाफ्लॉप्स वेगाचं, २०२४ चं 'अर्का' ११.७७ चं. मशीन तिप्पट झालं, पण गावातलं नेट जुलैत जसं असतं तसंच आहे. तेव्हा डेटा आहे तिथेच राहू द्या, घरी फक्त चित्रं आणा.

त्यासाठी टीमक्स, म्हणजे दूरच्या मशीनवरचं सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम, आधी शिका, पायथन नंतर. इकडे लाइट गेली, कनेक्शन तुटलं, तरी तिकडे सेशन चालू राहतं. चित्रं काढणाऱ्या पॅराव्ह्यूचा पीव्ही-सर्व्हर क्लस्टरवर, म्हणजे त्या मोठ्या मशीनवर, आणि खिडकी आपल्या लॅपटॉपवर, अशी जोडणी करायची. दोन्हीकडचं व्हर्जन एकच हवं, नाहीतर हात हलवत बसाल. आणि लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या सामायिक मशीनवर, जड काम चालवू नका. अ‍ॅडमिनचा मेल येतो, गाईडला सीसी असतो.

आता मुख्य मुद्दा. माझे महिने इथेच गेले, म्हणून इथे लांबण लावतो.

डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या फाइलमध्ये पाऊस दोन ठिकाणी असतो. 'रेनसी' म्हणजे चौकटीहून लहान ढगांचा अंदाज बांधणाऱ्या क्युम्युलस स्कीमने पाडलेला आणि 'रेन-एनसी' म्हणजे ग्रिडवर थेट पडलेला. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण पाऊस. पण तो त्या तासाचा नसतो, मॉडेलचा रन सुरू झाल्यापासूनचा साठत आलेला असतो. समजा चिपळूणच्या चौकटीत आज सकाळी ४१० होता आणि उद्या सकाळी ६४० झाला, तर दिवसाचा पाऊस २३० मिलिमीटर. नवा माणूस हमखास चोवीस तासांची बेरीज मारतो आणि बारा हजारांच्या वर जातो. कोकणात तीन-चार वर्षांत पडतो तेवढा! ही चूक बरी, कारण ती स्वतःच ओरडून सांगते.

न ओरडणारी चूक वेळेची. मॉडेलचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, म्हणजे ०३ यूटीसी ते ०३ यूटीसी, आणि नोंद होते ती संपणाऱ्या दिवसाच्या तारखेला. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूण बुडालं, त्या रात्रीचा पाऊस २२ च्या खात्यात जातो आणि त्यात २१ चा जवळजवळ सगळा दिवसही येतो. तुम्ही पायथनच्या एक्सअरे लायब्ररीमध्ये सरळ दिवसाप्रमाणे गट पाडलेत तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. फरक तीनच तासांचा. पण आपल्याकडे तीन तासांत काय पडतं ते तुम्हाला सांगायला नको. आकडे पटण्यासारखे दिसतात, नकाशा देखणा येतो, फक्त केंद्रांच्या नोंदींशी जुळत नाही. मग माणूस मॉडेलचं मायक्रोफिजिक्स, म्हणजे ढगातले थेंब कसे बनतात त्याची सूत्रं, बदलत बसतो!

उपाय साधा आहे. फक्त ०३ यूटीसीच्या वेळा निवडा आणि त्यांच्यात 'डिफ', म्हणजे लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी, घ्या. एक्सअरे तारीख आपोआप नंतरच्या दिवसाची लावतो, तीच खात्याची पद्धत. मध्येच उणे पाऊस दिसला तर घाबरू नका, फाइलमध्ये 'आय-रेन-एनसी' आहे का बघा. असेल तर रन बकेट लावून केलेला आहे. ठरावीक मिलिमीटर भरले की आकडा शून्याकडे परततो आणि किती वेळा परतला ते तिथे मोजलेलं असतं. तेवढ्या बकेटा परत मिळवायच्या.

सीनियरची तयार स्क्रिप्ट मिळाली तर घ्या, पण एका चौकटीचा, एका दिवसाचा हिशेब आधी कागदावर करा. 'चालते रे, वापर' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गाईडला चित्र दाखवण्याआधी तो कागद दाखवा. ज्याला कागद बघायला वेळ नाही, तो गाईड चित्रही नीट बघत नाही, असं माझं मत आहे.

चित्रांबद्दल थोडक्यात. रंगपट्टीची मर्यादा हाताने बांधा. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर आलं. प्रत्येक फ्रेमला पट्टी आपोआप ताणली गेली तर वादळ समुद्रात वाढताना आणि जमिनीवर मरताना सारखंच लाल दिसतं. इंद्रधनुषी पट्टी नको, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी व्हिरिडिस घ्या. आणि चौकटी गुळगुळीत करू नका. महाबळेश्वर ते पाचगणी वीस किलोमीटरही नाहीत, पण पाचगणीचा पाऊस निम्म्याहून कमी. २७ किलोमीटरच्या ग्रिडवर दोन्ही गावं एका चौकटीत बसू शकतात, तिथे मऊ रंगछटा दाखवणं म्हणजे थाप.

लिनक्सचा काळा पडदा मी एमएस्सीला पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे शहरातली मुलं पुढे आहेत म्हणून खचू नका. घाटाच्या पायथ्याशी कोरडा पट्टा आणि किनाऱ्यावर धो-धो असा नकाशा आला, की काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला बघताक्षणी कळतं. त्यांना ते पेपर वाचून कळतं. बाकी घरी काका विचारणारच, 'मग उद्या पडणार का?' त्याला उत्तर नाही.

एक काम मात्र रन लागण्याआधीच करा. मॉडेल चालवणाऱ्याला गाठून आउटपुट किती तासांनी लिहिलं जाणार ते विचारा. सहा तासांनी असेल तर ००, ०६, १२, १८ मिळतील, ०३ यूटीसी फाइलमध्ये नसेलच. नेमलिस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये हिस्टरी इंटरव्हल, म्हणजे आउटपुट लिहिण्यातलं अंतर, १८० मिनिटं किंवा ६० करून घ्या. नाहीतर पुन्हा रांग आणि पुन्हा सगळा रन.