बावटा उतरेपर्यंत दाभोळ

हर्णे बंदर उघडं. वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढला की तिथल्या नौका आंजर्ले, दाभोळ, जयगडच्या खाड्यांत शिरतात. दाभोळला वाशिष्ठीत दोन-तीन दिवस अडकून पडलात, तर पत्ते कुटत बसण्यापेक्षा गाव पाहा. मात्र आधी नौकेचा बंदोबस्त.

एरवी नांगराला खोलीच्या पाचपट दोर पुरतो; वादळात सातपट सोडा, आणि खोली धरा ती भरतीच्या पाण्याची. ओहोटीला 4 मीटर पाणी पाहून 20 मीटर दोर सोडला आणि भरतीला पाणी 6 मीटर झालं, तर दोर जेमतेम सव्वातीनपट उरतो. ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर गाळातून सुटतो. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली की नौका सरकतेय. पाणी फिरल्यावर नौकाही फिरते, तेव्हा खुणा नव्याने धरायच्या. निम्मे खलाशी नौकेवरच हवेत, त्यांत इंजिन चालवणारा एक तरी. वर चिपळूणकडे जोराचा पाऊस असेल तर ओहोटीची ओढ वाढते, ओंडके वाहत येऊन दोरात अडकतात.

उतरायचं कधी, ते तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, अर्धा तास इकडेतिकडे धरून. छोटी होडी भरतीच्या आधी-नंतर दीड तासात काठाला लावा, नाहीतर गाळ तुडवत चढावं लागेल. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आत, म्हणजे हाताशी तीनच तास. तेवढ्यात धक्क्याजवळची आदिलशाही मशीद निवांत पाहून होते. मक्केला निघालेल्या विजापूरच्या राजकन्येला इथून पुढे जाता आलं नाही, म्हणून यात्रेचा पैसा तिने या मशिदीवर खर्च केला, अशी आख्यायिका. अडकलेल्यांनी पाहावी अशीच वास्तू.

अष्टमीच्या आसपास भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला. अख्खा दिवस मोकळा, त्यात उधाणही नसतं. सकाळी चंडिका देवी उरका. गुहेतलं देऊळ आहे, आत वाकून जायचं आणि उजेड समयांचाच. पावसात दगड निसरडे होतात, ओल्या चपला बाहेरच ठेवा.

मग फेरीबोटीने धोपावे आणि तिथून रिक्षाने अंजनवेलचा गोपाळगड. फेरी वाऱ्यात कधीही बंद होते, म्हणून परतीची चौकशी चढण्याआधीच करा. संध्याकाळची भरती चुकली तर रात्र काठावर जाते. विजा चमकत असतील तर बेत सोडा, वरचा सडा, म्हणजे खडकाळ माळ, उघडा आहे. गडाच्या जमिनीकडच्या बाजूला खंदक आहे, पण तांडेलाच्या, म्हणजे नौका हाकणाऱ्याच्या, कामाचं ते खाडीच्या मुखाचं दृश्य. मुखाशी वाळूचा दांडा आहे. पश्चिमेच्या लाटा आणि बाहेर जाणारं पाणी समोरासमोर आलं की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. पांढऱ्या फेसाची सलग पट्टी दिसली तर बावटा उतरला तरी निघू नका. पट्टी तुटक झाली, की पुढच्या भरतीच्या शेवटच्या तासात, उजेडी, बाहेर पडा.

चिपळूणचा मोह मात्र नको. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे पाणी शहरात शिरतं. 2021 च्या जुलैत तेच झालं होतं.