घरच्या सागरी टाकीतील समुद्रपुष्प: ओळख आणि निगा

समुद्रपुष्प (सी ॲनिमोन) विकत घेताना बहुतेकांची नजर त्याच्या संस्पर्शकांच्या, म्हणजे मुखाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांच्या, रंगावर खिळते. वास्तविक ते टाकीत कोठे बसेल, किती पसरेल आणि मुळात टिकेल का, हे त्याच्या खोडावरून आणि पायावरून अधिक खात्रीने कळते. नावात फूल असले तरी हा प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या कुळातील प्राणी आहे. क्लाऊनफिश माशांना आसरा देणारे यजमान म्हणून पाळल्या जाणाऱ्या जातींच्या ऊतींत झूझॅन्थेली नावाची सूक्ष्म शैवले राहतात, ती प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा समुद्रपुष्पाला मिळतो. नीट सांभाळल्यास हा प्राणी पाळणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक जगू शकतो. स्कॉटिश निसर्ग-अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या निधनानंतरही अनेक वर्षे, जिवंत होते.

१. आधी टाकी मुरू द्यावी

नव्या टाकीत समुद्रपुष्प सोडू नये. किमान सहा महिने, आणि शक्य असल्यास वर्षभर, टाकी चालू राहून तिच्यातील, विषारी अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचे चक्र स्थिरावलेले असावे. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट १० पीपीएमच्या आत, हे आकडे गाठण्यापेक्षा ते दिवसेंदिवस तसेच राखणे अधिक कठीण असते. पाण्याची वाफ होते, पण मीठ टाकीतच राहते आणि क्षारता हळूहळू वाढते. म्हणून कमी झालेले पाणी रोज भरून काढावे, आणि ते मिठाचे नव्हे तर आरओचे गोडे पाणी असावे. क्षारता मोजण्यासाठी तरंगत्या हायड्रोमीटरपेक्षा, प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा आहे.

टाकीत पूर्वी माशांसाठी तांबेयुक्त औषध वापरलेले असेल, तर तेथे समुद्रपुष्प ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. तांब्याचा अंश खडकांत आणि वाळूत मुरून राहतो आणि अपृष्ठवंशी प्राण्यांना तो घातक ठरतो. पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, तोंडावर जाळी किंवा स्पंज बसवण्याचे कामही याच टप्प्यावर उरकावे, कारण समुद्रपुष्प चालते, आणि रात्री पंख्यात सापडून त्याच्या चिंधड्या झाल्या तर सकाळपर्यंत सगळ्या टाकीचे पाणी नासू शकते.

२. ओळख पायापासून सुरू करावी

दुकानातील समुद्रपुष्प पुष्कळदा काचेलाच चिकटलेले असते. ही चांगली संधी आहे, कारण त्याचा पाय आणि खोड तेथे स्वच्छ दिसतात.

खोड गुळगुळीत असून त्यावर चामखिळीसारखे उंचवटे नसतील आणि काही संस्पर्शकांची टोके फुगीर, लहान फुग्यांसारखी असतील, तर तो बहुधा बबल-टिप, म्हणजे एन्टाक्मिया क्वाड्रिकलर होय. हे फुगे कायमचे नसतात. त्याच प्राण्याचे संस्पर्शक कधी लांब आणि सरळही होतात, त्यामुळे केवळ टोकांवर विसंबल्यास फसगत होते. हा प्राणी आपला पाय खडकाच्या फटीत खोल रोवून राहतो. नवशिक्याने याच जातीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पाय तांबडा किंवा नारिंगी, संस्पर्शक लांब आणि विरळ, आणि खोडाच्या वरच्या भागावर फिकट उंचवट्यांच्या ओळी असल्यास ते मॅक्रोडॅक्टिला डोरीन्सिस असते. त्याला पाय गाडून बसण्यासाठी जाड वाळू लागते. खोड राखाडी व चामड्यासारखे चिवट आणि निमुळते संस्पर्शक दाट असतील, तर हेटरॅक्टिस क्रिस्पा समजावे. त्याची टोके अनेकदा जांभळी असतात. खोडाचा रंग भडक जांभळा किंवा लाल आणि संस्पर्शक बोटांसारखे बोथट असलेले हेटरॅक्टिस मॅग्निफिका दिसायला सर्वांत देखणे असते. मात्र ते टाकीभर भटकते आणि अनुभवी हातांतही दगावते. कार्पेट प्रकारच्या समुद्रपुष्पांचे संस्पर्शक आखूड व अतिशय चिकट असतात, त्यांचा विस्तार अर्ध्या मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो, आणि ती लहान मासे सहज पकडून खातात.

खडकावर आपोआप उगवलेले, तपकिरी, पारदर्शक, काडीसारख्या खोडाचे आणि स्पर्श होताच भोकात शिरणारे इवलेसे समुद्रपुष्प दिसले तर आनंदू नये. ते ऐप्टेशिया, म्हणजे टाकीतील तण होय. त्याला कापू किंवा खरवडू नये, कारण मागे राहिलेल्या तुकड्यांपासून नवी पिल्ले तयार होतात.

३. निरोगी प्राणी निवडावा

मुख घट्ट मिटलेले, पाय न फाटलेला आणि चिकट, आणि रंगात तपकिरी छटा असावी. तपकिरी रंग अनेकांना नीरस वाटतो, पण तो शैवलांच्या उपस्थितीची खूण असतो. पांढरेशुभ्र समुद्रपुष्प शैवले गमावून बसलेले असते, आणि झगझगीत पिवळे दिसणारे कधीकधी कृत्रिमरीत्या रंगवलेले असते. काचेवरून ते ओढून काढताना पाय फाटला, तर ते घरी आणण्यात अर्थ नाही. नखाने कड हळूच सोडवत नेणाऱ्या विक्रेत्याकडूनच ते घ्यावे.

४. टाकीत सोडणे

पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. त्यानंतर बारीक नळीने टाकीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीतील पाण्यात मिसळावे आणि यासाठी एक ते दोन तास द्यावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. हातमोजे घालावेत, कारण दंशपेशींचा त्रास तळहातापेक्षा मनगटाच्या नाजूक त्वचेला अधिक होतो.

पंप काही वेळ बंद ठेवून पाय योग्य जागी टेकवावा: बबल-टिपसाठी फट, वाळूतील जातींसाठी किमान आठ-दहा सेंटिमीटर वाळू आणि तिच्याखाली धरायला दगड. पुढचे काही दिवस ते जागा बदलत राहील. त्याला पुन्हा पुन्हा उचलून आपल्या आवडीच्या जागी बसवण्याचा मोह आवरावा. प्रकाश आणि प्रवाह यांचा मेळ कोठे बसतो, हे ते स्वतः ठरवते. आसपासचे प्रवाळ मात्र दूर सरकवावेत, कारण त्याच्या स्पर्शाने ते भाजल्यासारखे होतात. प्रकाशाची तीव्रता पहिल्या दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी.

क्लाऊनफिश नंतर सोडावेत, किंवा आधीच असतील तर समुद्रपुष्प स्थिरावेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवावे. नव्या समुद्रपुष्पाला ते अंगाने इतके घासतात की त्याला उमलायलाही उसंत मिळत नाही. दोघांचे जमेलच, याची खात्री नसते. सर्वत्र विकला जाणारा ॲम्फिप्रियन ओसेलॅरिस निसर्गात बबल-टिपमध्ये राहत नाही, पण टाकीत तो त्याला अनेकदा स्वीकारतो. क्लाऊनफिश नसला तरी समुद्रपुष्पाचे काही अडत नाही.

५. खाद्य आणि रोजचे निरीक्षण

आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, मुखापेक्षा लहान असा कोळंबीचा किंवा समुद्री माशाचा तुकडा चिमट्याने संस्पर्शकांवर ठेवावा. मोठा तुकडा ते दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेल्या अवस्थेत ओकून टाकते आणि पाणी बिघडते. रंग उडालेल्या समुद्रपुष्पाला अगदी बारीक तुकडे अधिक वेळा द्यावेत, कारण शैवले परत येईपर्यंत त्याचा मुख्य आधार हे खाद्यच असते.

दिवसातून एकदा ते आक्रसून लहान होणे, मुखातून तपकिरी धागे बाहेर टाकणे, रात्री मिटणे, या गोष्टींनी घाबरू नये. ते असेच मलविसर्जन करते आणि अंगातील पाणी बदलते. मुख सतत उघडे राहून आतला भाग बाहेर लोंबणे, पाय सुटून अंग प्रवाहाबरोबर वाहणे, दिवसचे दिवस न फुगणे, ही खरी धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी प्रथम क्षारता, तापमान आणि अमोनिया तपासून पाण्याचा काही भाग बदलावा. स्पर्श करताच ऊती विरघळत असतील आणि कुजका वास येत असेल, तर ते मेलेले आहे. क्षणाचाही विलंब न लावता ते बाहेर काढावे आणि सक्रिय कार्बन लावून मोठ्या प्रमाणात पाणी बदलावे.

बबल-टिप कधीकधी मधोमध चिरत जाऊन त्याची दोन समुद्रपुष्पे होतात. हे भरपूर खाद्यामुळे होते, तसेच पाण्यातील अचानक बदलामुळेही होते, त्यामुळे विभाजन दिसले की पाणी तपासून घ्यावे. दोन्ही भागांची जखम भरून मुख नीट मिटेपर्यंत त्यांना खायला घालू नये. एकाच शरीरातून निघालेली ही दोघे एकमेकांना दंश करत नाहीत, त्यामुळे ती शेजारी राहिली तरी चालते.