निळ्या कॅमोमाइल तेलाशी कसं वागावं

घरी साबण करायला लागले त्या वर्षी मी 'कॅमोमाइल ऑइल' लिहिलेली 100 मिलीची बाटली चारशे रुपयांना आणली. पाण्यासारखं पांढरं तेल, वासाला अत्तराच्या बोळ्यासारखं. स्वस्तात मिळालं म्हणून आठवडाभर खुशीत होते. आता त्या बाटलीवर आमच्या मागच्या दाराच्या बिजागऱ्या चालतात.

म्हणून आधी लेबल वाचा. कॅमोमाइल या एका नावाखाली दोन झाडं विकली जातात. 'मॅट्रिकारिया कॅमोमिला' म्हणजे जर्मन. युनानीवाले ज्याला बाबूना म्हणतात तो हाच. इजिप्त, हंगेरीत त्याची मोठी शेती आहे, आपल्याकडे उत्तर प्रदेशातही लावतात. दुसरं 'कॅमेमेलम नोबिल', म्हणजे रोमन. त्याचं तेल फिकट असतं आणि वास खरोखर सफरचंदासारखा. ग्रीकांनी नावच 'जमिनीवरचं सफरचंद' ठेवलं होतं. लेबलवर ही लॅटिन नावं नसतील तर बाटली परत ठेवा. आणि 'मोरोक्कन कॅमोमाइल' ही तिसरीच वनस्पती आहे.

जर्मन तेल शाईसारखं गडद निळं असतं. गंमत अशी की फुलात हा रंग नसतोच. फुलात असतं बिनरंगी मॅट्रिसिन. भट्टीत वाफ लागली की त्याचं कॅमाझुलीन होतं आणि तेल निळं उतरतं. त्यामुळे घरी खोबरेल तेलात फुलं मुरवून निळं तेल होणार नाही. तसं तेल वाईट नाही, फक्त ते वाफेवर काढलेलं अर्क-तेल नव्हे. शंभर किलो वाळक्या फुलांतून साधारण अर्धा किलो तेल निघतं, वाण चांगलं असेल तर थोडं जास्त. आता माझ्या चारशे रुपयांचा हिशेब तुम्हीच करा.

काष्ठौषधीच्या दुकानातून फुलं आणलीत तर एक फूल ब्लेडने उभं चिरून पाहा. मधला पिवळा उंचवटा आतून पोकळ दिसला तर जर्मन, भरीव असला तर रोमन.

आता वापर. नुसतं तेल अंगाला लावायचं नाही आणि पोटात तर घ्यायचंच नाही. 30 मिली तिळाच्या तेलात सहा थेंब, म्हणजे अंदाजे एक टक्का. मोठ्यांच्या अंगाला चोळायला तेवढं पुरे. चेहऱ्यासाठी मी तीनच टाकते. जुना पंचा अंथरून बसा, निळा डाग धुऊन जात नाही. भेसळ ओळखायला कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहतो का बघायची युक्ती जर्मन तेलाला लावू नका, त्यातलं बिसाबोलॉल जड असतं, ते लवकर उडत नाही. झोपेसाठी म्हणाल तर मी रोमनचे दोन थेंब रुमालावर टाकून उशाशी ठेवते. वास छान येतो; झोप त्यानेच येते असा माझा दावा नाही. साबणात मात्र हे तेल घालत नाही. कॉस्टिकच्या घाण्यात इतकं महाग तेल ओतायला जीव होत नाही.

एक गोष्ट माझ्याकडून चुकली ती सांगते. बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून तेल करून नेलं आणि दोन्ही गुडघ्यांना भरपूर चोळलं. सकाळी गुडघे लालभडक, खाज थांबेना. बांधावरचं गाजर गवत उपटलं की बाबांच्या हातांवर पुरळ येतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. गाजर गवत, शेवंती, झेंडू, कॅमोमाइल, सगळी एकाच कुळातली! आपल्या शेताबांधावर हे गवत इतकं माजलंय की ही खाज असलेली माणसं सहज सापडतील. अशांनी कॅमोमाइलच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनीही मिसळलेल्या तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाटली गडद काचेची, बूच घट्ट, जागा थंड आणि अंधारी. हवा-उजेड लागला की निळं तेल हिरवट होतं, मग तपकिरी. हिरवट झालं की मी ते अंगाला लावणं बंद करते. बाबांच्या गुडघ्यांना आता नुसतं तिळाचं तेल, कोमट करून.