आधी कानामागे बोट फिरवा

एप्रिल-मेच्या दिवसांत आमच्या गोव्यातल्या साखळीकडे पोराच्या अंगावर काही उठलं की घरचे म्हणतात, "घामोळं गो बाय, उकाडा केवढा!" अंगणवाडीत इतकी वर्षं काढून मीही एकदा तसंच म्हणून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी पुरळ मावळलं, आणि मग कळलं की त्या पोराच्या काकीला दुसरा महिना चालू आहे. डॉक्टरांना रुबेलाचा संशय आला. रुबेला म्हणजे गोवरासारखा पुरळाचा, पण पोटातल्या बाळाला धोक्याचा आजार. त्यांनी मला विचारलं, "कानामागे गाठी होत्या?" मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून पोराला पाठमोरं मांडीवर घेते. दोन्ही कानांच्या मागे आणि मानेवर केस सुरू होतात तिथे हलकेच बोटं फिरवते. रुबेला असेल तर गाठी हाताला लागतात, दाबलं की पोर मान आखडतं. पुरळ उठण्याआधीही त्या येतात. घामोळ्यात असलं काही नसतं.

मग पुरळ कुठून सुरू झालं ते आईला विचारा. रुबेलाचं आधी तोंडावर उठतं, दिवसभरात पोटापाठीवर, हातापायांवर उतरतं. घामोळं घाम साचतो तिथे, काखेत नाहीतर चड्डीच्या नाडीखाली. रुबेलाचा रंग फिकट गुलाबी, सावळ्या अंगावर चटकन दिसत नाही. सदरा काढून पोराला सोप्यावर उजेडात आणा.

ताप बेताचाच. गोवरात तो चढतो, खोकला येतो, डोळे लाल होतात, पोर आडवं पडतं. रुबेलाचं पोर मात्र खेळत असतं, आणि तीच पंचाईत. पुरळाच्या आठवडाभर आधीपासून नंतर आठवडाभर ते दुसऱ्याला लागण देऊ शकतं. मोठ्या बायकांची बोटं, मनगटं, गुडघे दुखतात. कित्येकांना तर काहीच होत नाही. म्हणून खात्री रक्ततपासणीनेच. पुरळ डेंग्यूतही येतं, तेव्हा घरच्या घरी निकाल लावू नका.

लसीचं कार्डही काढा. 9 महिने पुरे झाल्यावर एक आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा, असे गोवर-रुबेलाचे दोन डोस झालेत का बघा. 2017 च्या मोहिमेत गोवा पहिल्या राज्यांत होतं, 15 वर्षांखालच्या मुलांना तेव्हा लस दिली. घरातल्या मोठ्या बायकांचं मात्र विचारूनच घ्यावं लागतं.

घरात, शेजारी कोणी गरोदर आहे? पहिल्या 3 महिन्यांत लागण झाली तर गर्भ पडू शकतो, बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष होऊ शकतो. गरोदरपणी ही लस देत नाहीत, म्हणून तिने त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. आणि पोराला आरोग्य केंद्रावर नेण्याआधी नर्सबाईंना फोन करा. तिथल्या बाकावर तपासणीला आलेल्या पोटुशी बायका बसलेल्या असतात.