अपघातात कायमचे अपंगत्व आल्यास भरपाईचा दावा कसा मांडावा

रस्ते अपघातात हात-पाय गमावलेल्या किंवा मणक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचा दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मुदत अपघातापासून सहा महिन्यांची असल्याने, रुग्ण घरी येईपर्यंत थांबू नये. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी मुंबईचा रहिवासी मुंबईतच अर्ज करू शकतो.

पोलीस ठाण्यातून एफआयआर, पंचनामा आणि धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्याची प्रत घ्यावी. पालिका रुग्णालयात उपचारांचा खर्च कमी आला, तरी बाहेरून आणलेली औषधे, टॅक्सी आणि आया यांच्या पावत्या जपाव्यात.

बहुतेक दावे दुबळे होतात ते दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरच विसंबल्यामुळे. प्रमाणपत्रातील टक्केवारी शरीराची असते, कमाईची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. समजा, महिना २०,००० रुपये कमावणाऱ्या ३२ वर्षांच्या टेम्पोचालकाचा पाय गेला आणि प्रमाणपत्रात ६० टक्के अपंगत्व नोंदले गेले. भविष्यातील उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के जास्त धरून आणि वार्षिक कमाईला वयानुसार ठरणारा १६ चा गुणक लावून, ६० टक्क्यांप्रमाणे कमाईचे नुकसान ३२,२५,६०० रुपये होते. परंतु तो पुन्हा वाहन चालवूच शकणार नाही आणि दुसरे कामही त्याला जमणारे नाही, हे सिद्ध झाले तर नुकसान १०० टक्के धरून तेच ५३,७६,००० रुपये होते. त्यासाठी उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवून घ्यावी. डॉक्टरांना वेळ नसतो हे खरे, पण न तपासलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही. कामाचे स्वरूप मालकाच्या साक्षीने किंवा बँकेच्या नोंदींनी दाखवावे.

लोकलमधून पडून झालेल्या दुखापतीचा मार्ग वेगळा आहे: रेल्वे दावा न्यायाधिकरण, मुदत एक वर्ष. तिकीट हरवले म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही. मात्र रूळ ओलांडताना झालेला अपघात सहसा यात बसत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर दिव्यांग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

विमा कंपनी लोक अदालतीत तडजोडीचा आकडा पुढे करते तेव्हा घाई टाळावी. तिथल्या निवाड्याविरुद्ध अपील नसते आणि नंतर वाढलेल्या खर्चासाठी पुन्हा दावा करता येत नाही. म्हणून कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलण्याचा खर्च आणि मदतनीसाचा आयुष्यभराचा पगार त्या आकड्यात धरला आहे का, हे सही करण्यापूर्वी वकिलासोबत तपासावे.