आधी तण, मग खत : पावसाळी पिकांच्या पहिल्या दीड महिन्यासाठी सल्ला

पेरणीला तीन आठवडे होतात, पीक पिवळट दिसू लागते आणि बहुतेकांचा हात युरियाच्या गोणीकडे जातो. गोणी फोडण्यापूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी ओळींमध्ये खाली बसून पाहावे. दोन ओळींच्या मधली जागा तणाने भरलेली असेल, तर जमिनीत नत्र (नायट्रोजन) कमी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. नत्र असूनही ते पिकाच्या आधी तणच उचलत असण्याची शक्यता मोठी असते. अशा शेतात वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचे खत, टाकल्यास माठासारखी झपाट्याने वाढणारी तणे त्याचा मोठा वाटा घेतात, पिकाच्या वर जातात आणि अन्नाच्या ओढाताणीत सावलीची भर पडते. म्हणून या हंगामातील आमची पहिली शिफारस मात्रेविषयी नसून क्रमाविषयी आहे : आधी कोळपणी (ओळींमध्ये कोळपे फिरवून तण काढणे) किंवा खुरपणी, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत, वापसा असताना, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, नत्राचा हप्ता.

पीक तणमुक्त ठेवण्याचा काळ ढोबळमानाने पिकाच्या एकूण कालावधीचा पहिला एक-तृतीयांश भाग धरावा. मका आणि सोयाबीनमध्ये हा काळ पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवसांचा असतो; कापसाची सुरुवातीची वाढ मंद आणि ओळींतील अंतर मोठे असल्याने तेथे तो ६० दिवसांपर्यंत लांबतो. या काळात झालेले नुकसान पुढे कितीही स्वच्छ खुरपणी केली तरी भरून येत नाही. उशिरा उगवणाऱ्या तणांमुळे उत्पादनात फारशी घट येत नाही, मात्र ती बी धरण्यापूर्वी उपटावीत, कारण माठाचे एक जोमदार झाड एक लाखाहून अधिक बिया टाकू शकते.

खत नियमित दिले की उत्पादन टिकते, या समजुतीला इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक या शेताचा अनुभव छेद देतो. तेथे १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. सुरुवातीची अनेक दशके तण हाताने काढले जात असे; पहिल्या महायुद्धाच्या काळात मजूर मिळेनासे झाले, तण माजले आणि ठरलेली खते मिळत असलेल्या तुकड्यांतही उत्पादन खालावले. शेवटी १९२० च्या दशकात शेताचे भाग पाडून ते आळीपाळीने पडीक ठेवावे लागले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निकस जमिनीत पीक खुरटते, शेजारच्या ओळींची पाने वेळेवर एकमेकांना मिळत नाहीत, जमिनीवर ऊन पडत राहते आणि तणाला दुसरी-तिसरी उगवण मिळते. ज्वारी आणि मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाच्या बाबतीत हा संबंध आणखी थेट आहे. स्फुरद (फॉस्फरस) व नत्राची उपासमार झालेले पीक मुळांतून जे स्राव अधिक प्रमाणात सोडते, त्यांनीच टारफुल्याचे बी जागे होते, आणि ते रोप जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. तेथे केवळ उपटणी पुरत नाही. जमिनीची सुपीकता वाढवणे हाच तणनियंत्रणाचा भाग ठरतो.

खत कोठे पडते याकडेही लक्ष द्यावे. पेरणीचे खत बियाण्याच्या बाजूला सुमारे ५ सेंटिमीटर आणि तितकेच खाली पडले, तर ते पिकाच्या मुळांना आधी सापडते. फोकून दिलेले खत सगळ्या रानाचे होते. वरखताचा युरिया ओळीलगत देऊन मातीने झाकावा, कारण उघड्यावर, विशेषतः चुनखडीयुक्त जमिनीत, त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. मक्याला मातीची भर देताना ही दोन्ही कामे एकत्र उरकतात. सोयाबीनच्या मुळांवर हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या गाठी चांगल्या असतील, म्हणजे गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसत असेल, तर त्याला वरून नत्र देण्याची गरज सहसा नसते. त्या युरियावर पोसले जाते ते तणच.

शेणखताबाबत आमचे मत थोडे कडक आहे : अर्धवट कुजलेले खत शेतात नेऊ नये, कारण जनावरांच्या पोटातून न पचता आलेले तणाचे बी त्यात जिवंत असते. ढिगाच्या आतील तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिले आणि ढीग अनेकदा उलथून बाहेरचा थर आत गेला, तर बहुतेक बिया मरतात.

खुरपलेले तण कोठे टाकले जाते, हेही पाहावे. केन्याच्या कांड्या ओल्या जमिनीवर पडल्या की पेरापेराला मुळ्या फुटतात. सकाळी ओळीत टाकलेला केना आठवड्याने तेथेच उभा दिसतो. घोळही असाच चिवट असतो. ही दोन तणे शेताबाहेर न्यावीत. इतर तणे फुलण्यापूर्वी काढली असल्यास ती ओळींमध्ये आच्छादन म्हणून ठेवण्यास हरकत नाही.

तणनाशक वापरायचे असल्यास ते त्या पिकासाठी शिफारस केलेले असावे आणि मात्रा लेबलप्रमाणेच घ्यावी. तण उगवण्यापूर्वी फवारायच्या (उगवणपूर्व) औषधाला जमिनीत ओल लागते. ग्लायफोसेट या तणनाशकासाठी गढूळ पाणी वापरू नये, कारण त्यातील मातीचे कण औषध धरून ठेवतात.

आपल्या शेतात उत्पादन तण अडवते की खत, हे ठरवण्यासाठी याच हंगामात शेजारी-शेजारी चार लहान तुकडे आखावेत : एकात खत आणि खुरपणी दोन्ही, एकात फक्त खत, एकात फक्त खुरपणी आणि एकात काहीच नाही. चारही तुकडे सारख्या मापाचे आणि बांधापासून पुरेसे आत घ्यावेत, आणि काढणीच्या वेळी प्रत्येकाचे धान्य वाळवून वेगवेगळे तोलावे.