हलक्या स्पोर्ट्स कारला सपाट तळ आणि डिफ्यूझर बसवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा हवा तसा कापून, वाकवून, जोडून देणारा कारागीर शोधत हिंडावे लागत नाही, आणि सुटे भाग जोडून बांधलेल्या हलक्या स्पोर्ट्स कारचा मालक बहुधा या सोयीमुळेच फसतो. मागच्या बाजूला उताराने वर जाणारा पत्रा म्हणजे डिफ्यूझर, अशी समजूत करून घेतली की तो एका दुपारी बसवून होतो आणि दिसतोही रुबाबदार. मात्र ट्रॅकवर वेग वाढल्यावर पकड पूर्वीएवढीच राहते, कधी कधी कमीही होते, आणि मग दोष टायरांना दिला जातो. अशा तीन गाड्यांच्या तळाचे काम मी स्वतः केले आहे. खाली सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्याच हातून झालेल्या आहेत.

हे सर्व ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला हा प्रयोग करू नये.

पुढचा तळ उघडा ठेवणे

गाडीचा तळ आणि जमीन यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हवा वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि गाडी खाली ओढली जाते. त्या वेगवान हवेला हळूहळू रुंदावणारी वाट देऊन तिचा दाब बाहेरच्या हवेशी जुळवून घेणे, एवढेच डिफ्यूझरचे काम असते. ते नीट झाले की पुढून अधिक हवा खेचली जाते, आणि या ओढीचा मोठा वाटा डिफ्यूझरच्या पत्र्यावर नव्हे, तर त्याच्या पुढच्या सपाट तळावर मिळतो. लोटस कंपनीची सेव्हन ही हलकी स्पोर्ट्स कार १९५७ साली आली तेव्हा तिच्या रचनेत तळाखालच्या हवेचा असा विचार केलेला नव्हता, आणि आजही तिच्या धाटणीच्या गाड्यांमध्ये इंजिनाखालची जागा उघडी असते. ऑइल संप म्हणजे इंजिनाच्या बुडाची तेलाची टाकी, एक्झॉस्टचे नळ आणि चेसिसच्या म्हणजे सांगाड्याच्या नळ्या यांच्यावर आपटून घुसळलेली हवा डिफ्यूझरपर्यंत पोहोचली, तर तो कितीही सुबक असला तरी तिला सरळ करू शकत नाही. याच लोटसने १९७७ आणि १९७८ मध्ये ७८ व ७९ या फॉर्म्युला वन गाड्यांच्या पोटाखालून मोठी ओढ मिळवली, तेव्हा बाजूची हवा आत शिरू नये म्हणून कडेला जमिनीपर्यंत पोहोचणारे स्कर्ट लावले होते. पुढे १९८३ पासून तेथे सपाट तळ सक्तीचा झाला. आपल्याला स्कर्ट नकोत, पण मागच्या चाकांजवळ डिफ्यूझरच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंती हव्यातच, नाहीतर टायरने बाजूला फेकलेली हवा थेट आत शिरते.

लोंबकळत्या चाकांवर माप घेणे

माझी सर्वांत महाग पडलेली चूक हीच. स्वतंत्र सस्पेन्शनच्या एका गाडीत मागच्या चाकांना चेसिसशी जोडणारे खालचे आर्म डिफ्यूझरच्या बाजूच्या भिंतींमधून आरपार जाणार होते. गाडी स्टँडवर होती आणि चाके खाली लोंबकळत होती. त्या स्थितीत आर्मभोवती नेटकी खाच कापून, कानशीने कडा घासून, मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गाडी जमिनीवर टेकताच आर्म वर सरकले आणि खाचेच्या वरच्या कडेला जाऊन भिडले. ट्रॅकच्या पहिल्याच फेरीत भिंत चिरली आणि आर्मवरच्या रंगाला पत्र्याने अशी रेघ पाडली की वेल्डिंगला तडा गेला असावा, असे वाटून सगळे पुन्हा खोलावे लागले.

खाच कापण्यापूर्वी स्प्रिंग काढून ठेवावी, चाक जॅकने अगदी वरपर्यंत उचलावे, मग अगदी खालपर्यंत सोडावे, आणि दोन्ही टोकांना किमान १५ मिलिमीटर जागा मोकळी राहते हे डोळ्यांनी पाहावे. डिफ्यूझरचा कोन मात्र गाडी चाकांवर उभी करून, चालकाला आसनावर बसवून आणि टाकी अर्धी भरूनच मोजावा, आणि तोही जमिनीच्या संदर्भात मोजावा. साडेपाचशे किलोच्या गाडीत ७५ किलोचा माणूस बसला की तिची उंची बदलते आणि पुढच्या-मागच्या उंचीतला फरकही बदलतो.

कोन डोळ्याने ठरवणे

रेसिंग गाड्यांच्या छायाचित्रांतले उंच उसळलेले डिफ्यूझर पाहून अनेकजण थेट १५ अंशांपासून सुरुवात करतात. सुरुवात ७ अंशांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. आडव्या मापाने ६०० मिलिमीटर लांबीच्या पत्र्याचे मागचे टोक ७ अंशांना सुमारे ७४ मिलिमीटर वर येते, १५ अंशांना सुमारे १६०. दिसायला ७४ मिलिमीटर कमी वाटतात, पण हवेला एकदम मोठी जागा दिली की ती पत्र्याला धरून राहत नाही; ती सुटते, भोवरे तयार होतात आणि ओढ नाहीशी होते. शक्य असेल तर लांबी वाढवावी आणि उताराची सुरुवात मागच्या आसापुढे न्यावी. सगळा उतार आसामागे ठेवला तर ओढही आसामागे पडते आणि तराजूसारखे पुढचे टोक हलके होते. जिथे सपाट तळ संपून उतार लागतो, तिथे पत्र्याला धारदार घडी घालण्याऐवजी मोठ्या गोलाईचे वळण द्यावे. बेंडिंग मशीनवर ते एका दाबात होत नाही, थोड्याथोड्या अंतरावर हलके दाब द्यावे लागतात, आणि कारागीर त्याबद्दल कुरकुरतोच.

पत्रा आणि त्याचे सांधे

पाट्या रंगवणाऱ्यांकडे मिळणारा ३ मिलिमीटरचा एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेला फलक, हलका, सपाट आणि कापायला सोपा असल्यामुळे तळासाठी लोकप्रिय आहे. त्याच्या पोटात बहुधा प्लास्टिकचा गाभा असतो, हे विसरून तो एक्झॉस्टजवळ लावला की गाभा मऊ होतो आणि पत्रे सुटतात. एक्झॉस्टच्या आसपास ॲल्युमिनियमचाच पत्रा लावावा. २ मिलिमीटर जाडीला त्याचे वजन चौरस मीटरला ५.४ किलो भरते.

तुकड्यांचा सांधा कसा चढवावा, यावर मी कौलांचे उदाहरण देतो. कौलारू छपरावर वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, म्हणून पाणी आत शिरत नाही. गाडीच्या तळाला पाण्याच्या जागी वारा आहे आणि तो पुढून मागे वाहतो. म्हणून पुढच्या तुकड्याची मागची कड जमिनीच्या बाजूला आली पाहिजे. उलटे बसवले तर मागच्या तुकड्याची कड वाऱ्याला तोंड देते, बोल्टाभोवतीची भोके फाटू लागतात आणि ट्रॅकच्या एखाद्या सरळ पट्ट्यावर सगळा पत्रा खाली लोंबतो. चेसिसच्या नळ्यांना भोके पाडून हे पत्रे कसू नयेत. नळी कमजोर होते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या भोकातून शिरलेले पाणी आतून गंज धरते. रबर लावलेल्या पट्ट्यांचे क्लॅम्प वापरावेत, आणि पत्र्याच्या बाजूला मोठे वायसर घालावेत.

उष्णता, तेल आणि पाचट

इंजिनाखालची वाट बंद केली की रेडिएटरमधून आलेली गरम हवा जाणार कुठे, याचा विचार पत्रा कापण्याआधी व्हायला हवा. तिला बॉनेटच्या बाजूंना झडपा काढून द्याव्यात. तळ बसवल्यावर पाण्याचे तापमान चढले, तर पंखा मोठा करण्याआधी ही वाट तपासावी.

अधिक गंभीर गोष्ट आगीची आहे. पूर्वी जमिनीवर गळणारे तेल किंवा पेट्रोल आता पत्र्याच्या परातीत साठते आणि कोणाला दिसतही नाही. सर्वांत खोल जागी निचऱ्याची भोके ठेवावीत आणि प्रत्येक सत्रानंतर हात घालून पाहावे. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या भागात वाळलेले पाचट वाऱ्याबरोबर सगळीकडे उडते. एका गाडीच्या तळातून, एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर, मी त्याची मूठभर गुंडाळी बाहेर काढली आहे.

न मोजताच फरक पडला म्हणणे

नवीन तळाची पहिली फेरी मारून आलेला प्रत्येकजण गाडी चिकटून चालते असे सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नये. डिफ्यूझरच्या आत लोकरीचे बोटभर धागे चिकटवून मागून चित्रीकरण केले तरी बरेच कळते: धागे सरळ मागे पडले तर हवा पत्र्याला धरून आहे, गरगर फिरले किंवा पुढे वळले तर ती सुटली आहे.

आकडाच हवा असेल, तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळी इंग्रजी यू आकारात वाकवून, दोन्ही पाय शेजारी घट्ट बांधून, गाडीत रुंदीच्या दिशेने उभी करावी आणि तिच्यात रंगीत पाणी भरावे. एक टोक तळाला पाडलेल्या २ मिलिमीटरच्या गुळगुळीत भोकाला जोडावे आणि दुसरे घट्ट बुचाच्या थर्मासमध्ये सोडावे. साधी बाटली चालत नाही, कारण आतली हवा एका अंशाने तापली तरी दोन पायांतल्या पाण्याच्या पातळीत तीसेक मिलिमीटर फरक पडतो. प्रत्येक धावेपूर्वी थर्मास क्षणभर उघडून बंद करावा, आणि वेग स्थिर असताना शेजारच्या माणसाने आकडा वाचावा. पातळीतला १ मिलिमीटर फरक म्हणजे चौरस मीटरला १ किलो ओढ, असा हा सोयीचा हिशेब आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे आणि उकाड्यामुळे येथील हवा घनमीटरला सुमारे १.१ किलो भरते. त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला समोरून आदळणाऱ्या वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ४३ मिलिमीटर येतो आणि १४० ला जवळपास दुप्पट होतो. उताराच्या वळणापाशी ओढ सर्वांत जास्त आणि मागच्या टोकाला जवळजवळ शून्य दिसली पाहिजे. दोन्हीकडे सारखाच आकडा आला, तर हवा सुटलेली आहे.

माझ्या दुसऱ्या गाडीत ताशी १०० ला उताराच्या वळणापाशी ६ मिलिमीटर मिळाले होते. कोन १४ वरून ८ अंशांवर आणला, इंजिनाखालचा तळ बंद केला आणि बाजूच्या भिंती लावल्या, तेव्हा तेच भोक १७ दाखवू लागले. पण वेगवान वळणात ती गाडी आता नाकाने बाहेर जाऊ लागली, कारण मागची पकड वाढली आणि पुढची होती तशीच राहिली. नाकाखाली ६० मिलिमीटर रुंदीची प्लायवुडची पट्टी तात्पुरती लावून पाहिली आणि ती पुरेशी ठरल्यावरच तिच्या जागी ॲल्युमिनियमची बसवली.